खाऱ्या पाण्यात औषध फाटतं

“मासे पानी पिऊन मेले, असं लिहून टाक म्हनाव तिले.”

माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं आणि पाच-सहा जण हसले. मी तलावाच्या काठावर उकिडवी बसले होते. हात कोपरापर्यंत पाण्यात, हातात तपकिरी काचेची बाटली. बाटलीचं झाकण पाण्याखाली गेल्यावरच उघडायचं आणि पाण्याखालीच लावायचं, म्हणजे वरचा तवंग आत शिरत नाही. त्यामुळे मागे वळून बघता आलं नाही. आलं असतं तरी मी बघितलं नसतं.

माणसं माझ्याबद्दल, मी तिथे नसल्यासारखं, माझ्यासमोरच बोलतात, याची मला सवय आहे. पायात रबरी बूट, हातात मोजे, तोंड बंद. पोट्टी कॉन्व्हेंटची दिसते, हिला काय आपली भाषा समजणार, असं लोक धरून चालतात. मी अमरावतीत जन्मले, अमरावतीतच इंग्रजी शाळेत शिकले आणि वऱ्हाडी मला आईच्या रागावण्यातून येते. सगळं समजतं. समजतं हे दाखवत नाही, कारण न दाखवणाऱ्याला फार ऐकायला मिळतं.

आमच्या प्रयोगशाळेची जीप चालवणारे रफिकभाई बर्फाची पेटी धरून बाजूला उभे होते. त्यांना माझ्यासारखं गप्प राहता येत नाही. हसणाऱ्यांकडे न बघताच ते म्हणाले, “माशायचं जाऊ द्या भाऊ. तुमी पिऊन दाखवा ना एक गिलास.”

हसणं थांबलं. काठाला लागून मेलेल्या मासळीची पांढरी किनार होती, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत. वास इतका होता की बगळेसुद्धा बांधावर लांब बसले होते.

मी पाणी तपासते. अकोल्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत विहिरीचं, बोअरचं, नळाचं, नदीचं, शेततळ्याचं पाणी येतं आणि त्यात काय आहे ते आम्ही सांगतो. दिवाळी अंकात असे अनुभव बहुतेक निवृत्त माणसं लिहितात. माझ्या निवृत्तीला अजून अख्खं आयुष्य आहे. तरी लिहिते आहे, कारण आमच्याकडे रोज नव्या बाटल्या येतात आणि जुन्या बाटल्यांतलं ओतून देऊन त्या धुवाव्या लागतात. हे ओतून द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

आणि शेवटाकडे डोळे लावून कोणी वाचू नये म्हणून आधीच सांगते. ज्या भोई कुटुंबांसाठी हा सगळा खटाटोप होता, त्यांचा तलावाचा ठेका गेला. मलाही आता नमुने घ्यायला बाहेर पाठवत नाहीत. मी यंत्रासमोर बसते आणि दुसऱ्यांनी आणलेलं पाणी तपासते.

लोकांना वाटतं, पाणी बाटलीत भरलं की नमुना झाला. आमच्याकडे पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीतून येतं, औषधाच्या बाटलीतून येतं, एकदा दुधाच्या किटलीतून आलं होतं आणि आणणाऱ्याने अभिमानाने सांगितलं होतं की किटली घासून घेतली आहे. वरुडकडचे एक संत्र्यावाले गृहस्थ बाटलीवर चिठ्ठी चिकटवून पाठवतात, ‘पानी गोड आहे, तरी पाहून घ्या’. खारेपणा तपासायचा असेल तर हे चालून जातं. कीटकनाशक शोधायचं असेल तर चालत नाही. आजकालची पुष्कळशी कीटकनाशकं पाण्यात राहायला तयारच नसतात. ती प्लास्टिकला चिकटतात, गाळाला चिकटतात, माशाच्या चरबीत जाऊन बसतात. म्हणून त्यांना काचेची बाटली लागते, तीही उन्हापासून वाचवणारी तपकिरी. ती तलावाच्या पाण्याने विसळायची नाही, बर्फात ठेवायची आणि लवकर पोचवायची. शिवाय पाण्याबरोबर तळचा गाळ घ्यायचा आणि नुकताच मेलेला मासा. यातलं काही चुकलं तर यंत्र प्रामाणिकपणे सांगतं, ‘आढळले नाही’. लोक ते ‘नाही’ असं वाचतात.

मासे या औषधांनी किती सहज मरतात ते मला एका निवृत्त बँक मॅनेजरांनी शिकवलं. ते अकोल्याचे. त्यांच्या दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यातले सोनेरी मासे एकेक करून मरत होते. मेलेला मासा ते स्टीलच्या डब्यात घालून आणायचे आणि माझ्यासमोर झाकण उघडायचे. शेजाऱ्याने टाकीत काहीतरी टाकलं, हे त्यांचं निदान पक्कं होतं. शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण होतं. मी पाणी तपासलं, मासा तपासला आणि घरी जाऊन बघितलं. टाकीच्या अगदी मागे भिंतीत डासांचं लिक्विड लावलेलं, रात्रंदिवस चालू. त्या वासाने डास मरतो, माणसाला काही होत नाही आणि मासा मरतो, कारण मासा डासासारखाच हळवा असतो. कापसावर फवारतात त्यातली काही औषधं याच घराण्यातली आहेत, फक्त कितीतरी पट कडक.

मॅनेजरसाहेबांनी लिक्विड काढलं. मासे मरायचे थांबले. शेजाऱ्याशी मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, यावेळी त्याने नसेल टाकलं. कारण सापडलं म्हणजे आरोप मिटतो, ही माझी समजूत तिथेच थोडी खरवडली गेली होती. पूर्ण निघाली ती या तलावावर.

गावाचं नाव देत नाही. दिलं तर आजूबाजूच्या गावांना वाटेल, त्या एकट्याचंच पाणी बिघडलं. दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात ते आहे. जमीन काळी आणि कसदार, खालचं पाणी खारट. बोअर मारलं तर कपडे धुवायलाही साबण फेस देत नाही असं पाणी लागतं. गोड पाणी म्हणजे नळयोजनेचं, ते येईल तेव्हा. आणि पावसाचं, ते या तलावात साठतं. तलाव ग्रामपंचायतीचा. मासळीचा ठेका गावातल्या भोई कुटुंबांच्या संस्थेकडे, पिढ्यान्‌पिढ्या नाही म्हणता येणार, पण आजच्या म्हाताऱ्यांच्या तरुणपणापासून. बारा-पंधरा घरं त्या पाण्यावर जगत होती.

संस्थेचा कारभार वच्छलाबाई बघत. पन्नाशीच्या, आवाजाने मोठ्या, नऊवारीचा काचा मारून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या. त्या मला पहिल्यापासून ‘पोट्टी’ म्हणत आणि मला ते आवडलं होतं, कारण बाकी सगळे मला मॅडम म्हणत आणि बोलत मात्र रफिकभाईंशी.

पोळा दोनेक आठवड्यांवर आलेला असताना मासे मरायला लागले. मासे मेले म्हणून गावात फारसं कोणी अस्वस्थ नव्हतं. पोळ्याला बैल कुठे धुवायचे, यावरून गाव चिडलं होतं. या तलावात बैल पोहणीला घातल्याशिवाय त्या गावात पोळा होत नाही, आणि आता त्या पाण्यात बैल घालायला कोणी धजावेना. टँकर मागवायचा की काय, अशी नामुष्कीची चर्चा चालू होती. राग कोणावर तरी काढायचा होता. तलावावर रोज कोण असतं? भोई.

आधी पंचायतीने एक नमुना पाठवला होता. विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून, एसटीत कंडक्टरच्या हाती देऊन. तो बसस्टँडवर दिवसभर उन्हात पडून होता. कोणत्या प्रयोगशाळेत गेला ते लिहीत नाही. कीटकनाशक आढळले नाही. यावरून गावात असं ठरलं की पाणी साफ आहे, या लोकांनाच मासे सांभाळता येत नाहीत, दाटी करून सोडतात आणि मग हवा कमी पडून मरतात. ठेक्याचं नूतनीकरण तोंडावर होतं. संस्थेने तहसीलमध्ये अर्ज करून दुसरी तपासणी मागितली आणि मी बाटल्या घेऊन गेले.

हवा कमी पडून मासे मरतात हे खरं आहे. पण तेव्हा आधी मोठे मरतात, पहाटेच्या सुमाराला, वर येऊन तोंड उघडत. मी वच्छलाबाईंना विचारलं, आधी कोण मेलं?

“झिंगे,” त्या म्हणाल्या. “आधी झिंगे बाहीर उड्या मारून राहिले, जसे कोनी तव्यावर टाकले. मंग बारीक मासोळी. मंग बेंडकं. कतला-रोहू सर्‍यात शेवटी, ते बी वाकडे होऊन, गोल गोल फिरून मेले. मी आजवर असं नाई पाह्यलं पोट्टी.”

काठाच्या पाण्यावर लांब पायांचे किडे पळत असतात, ते मी शोधले. एकही नव्हता. गाळ चाळला, त्यात वळवळणारं काही नव्हतं. झिंगा, किडा, अळी ही सगळी एकाच नात्यातली, आणि किडा मारण्यासाठी केलेलं औषध आधी नात्यातल्यांना मारतं. हे एवढं समजायला यंत्र लागत नाही. यंत्र लागतं ते कागदावर लिहायला.

वच्छलाबाईंनी मेलेले मासे विकले नव्हते. हाती लागतील तेवढे बायकांनी खड्डा करून, वर चुना टाकून पुरले होते, तरी नवे काठाला लागतच होते. दोन व्यापारी स्वस्तात मागायला आले होते, त्यांना त्यांनी काय सांगितलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

दुपारी उत्तमरावांनी मला आणि रफिकभाईंना जेवायला बोलावलं. उत्तमराव गावातले मोठे शेतकरी, सरपंचबाईंचे दीर. वागायला अत्यंत सौम्य. मला ‘बेटा’ म्हणायचे. ऊन फार आहे, पोरगी सकाळपासून चिखलात आहे, असं म्हणून त्यांनी स्वतः हातावर पाणी घातलं. त्यांच्या पत्नीने ज्वारीच्या भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली, वर तेलात परतलेला लसूण. मी मागून घेऊन खाल्लं. एरवी परक्या घरी मला घास जात नाही.

प्यायला पाणी दिलं ते नळाचं होतं. मी विचारलं, बोअरचं पाणी कशाला वापरता?

“कायलेच नाई,” उत्तमराव म्हणाले. “ढोरं बी तोंड लावत नाईत. फवारनीले तर बिलकूल नाई. खाऱ्या पान्यात औषध फाटते बेटा. दही होते दही. पंपाचं तोंड चोक होते, अन्‌ अळी हासते आपल्याले.”

मग फवारणीला पाणी कुठून आणता?

“तलावावरून ना. सारं गाव तिथूनच पंप भरते. ड्रम काठावरच ठेवले हाएत. तिथंच औषध कालवायचं, तिथंच पंप धुवायचा. घरी लेकरंबाळं असतात, घरी आनून काहून जोखीम घ्यायची?”

ते मला हे समजावून सांगत होते, जसं पाहुण्याला आपल्या गावची शिस्त सांगतात. लेकराबाळांपासून औषध लांब ठेवतो, याचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. मी मान हलवली आणि भाकरी संपवली.

जेवण झाल्यावर मी तो काठ बघायला गेले. तलावाच्या ज्या अंगाला गाडीरस्ता येतो तिथे निळे ड्रम उभे होते, त्यांवर मालकांची नावं रंगवलेली. बाजूला बेशरमाची झुडपं होती आणि त्या झुडपांत रिकामे डबे आणि बाटल्या इतक्या होत्या की झुडपांना ती फळं लागली आहेत असं वाटावं. पाऊस मध्ये बरेच दिवस दडून बसला होता, कापसावर तुडतुडे वाढले होते, आणि सगळ्या गावाने एकदम फवारणी केली होती. मग जोराचा पाऊस आला. सांडलेलं, धुतलेलं, झुडपांत पडलेलं सगळं उतारावरून तलावात गेलं. मी तिथला गाळ घेतला. मग जिथे भोयांची जाळी आणि डोंगे बांधलेले असतात त्या पलीकडच्या काठाचा घेतला. मधला घेतला. रफिकभाईंनी प्रत्येक बरणीवर कोणता काठ ते लिहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं होतं ते बोलून दाखवलं. “मॅडम, ज्याच्या घरी जेवलो ना आपन, त्याचाच ड्रम सर्‍यात मोठा हाय.”

मी म्हटलं, गाडी काढा.

गाळात तीन औषधं सापडली. एक कापसावरच्या अळीचं, एक तुडतुड्याचं, एक सोयाबीनच्या खोडमाशीचं. ड्रमांच्या काठाला सगळ्यात जास्त, मध्ये कमी, जाळ्यांच्या काठाला जेमतेम. माशांच्या कल्ल्यांतही सापडली. त्या दिवशी यंत्राच्या आलेखावर एकामागून एक टोकं वर येत गेली तेव्हा मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण बरोबर ठिकाणी हात घातला की या धंद्यात जो आनंद होतो तो. मेलेल्या माशांच्या बाबतीत तो शोभत नाही, पण होतो.

मी अहवालाखाली चार ओळींचा अभिप्राय लिहिला. औषधं कोणत्या काठाकडून आली असावीत आणि का. सरांनी तो काढायला सांगितला.

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मालक. उत्तम रसायनशास्त्रज्ञ. मला जे येतं ते त्यांनी शिकवलं. ते रागावले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण आकडा द्यायचा, अर्थ लावायला लोक बसलेत. शिवाय आमच्याकडे मातीचे नमुने येतात ते गावोगावच्या कृषी केंद्रांमधून, आणि त्या केंद्रांच्या फळ्यांवर कोणत्या बाटल्या मांडलेल्या असतात ते त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. हे ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अभिप्राय निघाला, आकडे राहिले. प्रत्येक आकड्यापुढे ‘नमुना एक’, ‘नमुना दोन’, ‘नमुना तीन’. कोणता काठ ते नाही.

आकडा एकटा सोडला की त्याला कोणीही उचलून नेतं. अहवाल गावात पोचला आणि दोन दिवसांत वच्छलाबाईंचा रफिकभाईंना फोन आला. गावात आता असं ठरलं होतं की विष सापडलं, म्हणजे विष टाकलं, म्हणजे भोयांनीच टाकलं. मासे पटकन धरायला.

हे अगदीच हवेतून आलेलं नव्हतं. पाण्यात औषध ओतून मासे धरणारे लोक असतात. धारणीकडे एका ओढ्याच्या डोहावर मी तसं बघितलं आहे. बाहेरून जीपमध्ये आलेल्या कोणीतरी डोहात बाटली ओतली होती, वर आलेले मोठे मासे पोत्यात भरून नेले होते आणि खालच्या वस्तीला चार दिवस पाणी भरता आलं नव्हतं. पण तिथे एकच औषध होतं, एकाच जागी. आणि मासे नेले होते, चुना टाकून पुरले नव्हते. मासे धरणारा माणूस कापसाचं, तुडतुड्याचं आणि खोडमाशीचं अशी तीन औषधं कालवून वर्षभर जपलेलं स्वतःचं माशांचं बीज मारत नाही. इतका साधा विचार करता येऊ नये इतकं गावात कोणी अडाणी नव्हतं. तो विचार केला तर पुढचा प्रश्न ड्रमांपाशी जात होता, एवढीच अडचण होती.

पहिल्या तपासणीत विष सापडलं नाही, तेव्हा दोष भोयांचा होता. दुसरीत सापडलं, तेव्हाही भोयांचाच. तिसरी करून काय मिळालं असतं ते मी सांगू शकते.

ग्रामसभा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात होती. पंचायतीने प्रयोगशाळेला पत्र देऊन बोलावलं होतं, म्हणून सर स्वतः निघाले आणि नमुने मी घेतले होते म्हणून मला सोबत घेतलं. जीपमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं की आकडे ते वाचतील, मी बसून राहायचं. बसून राहणं मला उत्तम जमतं. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी खाली बघायचे. माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, तिने वर्गात बोलावं.

पोळा होऊन गेला होता. बैल टँकरच्या पाण्याने धुतले होते आणि ती गोष्ट कोणी विसरलं नव्हतं. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांच्या पलीकडे. भोई मंडळी चपला काढण्याच्या जागेपाशी उभी होती, बसायला जागा असून. सरपंचबाई मधोमध खुर्चीवर होत्या आणि त्यांच्या वतीने उत्तमराव बोलत होते. मला बघून त्यांनी हात जोडले, जेवण झालं का विचारलं. मी मान हलवली.

सरांनी आकडे वाचले. इंग्रजी नावं होती, ती ऐकताना लोक खाली बघत होते. मग उत्तमरावांनी ते सोपं करून सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हणाले की कोणाचं वाईट व्हावं असं आपल्या मनात नाही, हेही आपलेच लोक आहेत, पण विष सापडलं आहे हे आता शास्त्रानेच सांगितलं. उद्या तिथे एखादं लेकरू उतरलं तर? तेव्हा ठेका यंदा दुसऱ्या कोणाला द्यावा असं पंचायतीचं मत आहे. काही माना हलल्या. कोणीतरी मागून म्हणालं की बाहेरचा एक ठेकेदार तयारच आहे. म्हणजे तो आधीच बघून ठेवलेला होता.

वच्छलाबाई खांबापासून पुढे आल्या. त्यांनी भांडण केलं नाही. मला वाटलं होतं करतील. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“हे पोट्टी आमच्या काठाले बी आली होती अन्‌ तुमच्या काठाले बी. चिखल हिनंच काढला. मले काई नाई म्हनायचं. तिले इचारा, आमी टाकलं का.”

सगळा मंडप माझ्याकडे वळला. उत्तमराव हसले, खरोखर प्रेमाने हसले, मला अवघडल्यासारखं झालं हे त्यांना दिसत होतं. म्हणाले, “घाबरू नको बेटा. एवढंच सांग, पान्यात विष सापडलं का नाई?”

सर माझ्या शेजारी होते. त्यांनी ओठ न हलवता इंग्रजीत सांगितलं, हो म्हण आणि बस. इंग्रजीत, म्हणजे मंडपात ते फक्त मला समजावं. मला ते समजलं. आयुष्यभर मला या भाषेत जे सांगितलं गेलं ते मी नीट ऐकत आले होते.

हो म्हटलं असतं तर ते खरं होतं. आमच्या कामात खोटं बोलावं लागत नाही. खरं तेवढंच बोलायचं जेवढं विचारलं, एवढी काळजी घेतली की पुरतं.

मी उभी राहिले. उभं राहिल्यावर उत्तमरावांच्या पत्नी दिसल्या, बायकांत पुढे बसलेल्या. त्याही माझ्याकडे बघून हसल्या. मला वऱ्हाडीत बोलायचं होतं, ते जमलं नाही. पुस्तकातलं मराठी बाहेर पडलं आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“सापडलं, काका. तुम्ही पंप भरता आणि धुता तिथल्या गाळात सगळ्यात जास्त सापडलं, आणि यांची जाळी बांधलेली असतात तिथे सगळ्यात कमी. तुमच्या घरी मी जेवले आहे, तरी सांगते. हे यांनी टाकलं नाही. तुम्ही सगळ्यांनी टाकलंय.”